रणकुडी, कवच की यंत्रदेह? मरणाच्या दारातल्या वीराच्या लोखंडी देहाला मराठी शब्द हवा आहे

विचारणा (परभणी)

दिवाळीच्या सुट्टीत भाचा परभणीला आला होता. नववीत आहे, चित्रं छान काढतो. त्याच्या वहीत एक चित्र होतं. कपाटाएवढं चौकोनी लोखंडी धड, आखूड जाड पाय, एका हाताच्या जागी तोफ, दुसऱ्या हाताच्या जागी चिमट्यासारखा पंजा आणि छातीच्या मधोमध एक पेटी. पेटीत माणूस, डोळे मिटलेले, अंगात नळ्या. त्यानं विचारलं, "मामा, ह्याला मराठीत काय म्हणायचं?" मी पटकन 'चिलखत' म्हणालो. तो म्हणाला, "चिलखत काढता येतं ना मामा. हे काढलं तर तो मरंल."

तिथंच मी अडकलो आणि अजून अडकलेलाच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हे 'वॉरहॅमर ४०,०००' या ब्रिटिश खेळातलं पात्र. हा खेळ १९८७ साली आला, टेबलावर छोट्या रंगवलेल्या पुतळ्यांनी खेळतात. त्यातले योद्धे साधी माणसं नाहीत. देव मानल्या गेलेल्या सम्राटाचे पुत्र, आणि त्या पुत्रांच्या अंशापासून घडवलेले हे योद्धे. असा एखादा वीर लढाईत वाचण्यापलीकडे घायाळ झाला की त्याला पेटीत ठेवतात आणि ती पेटी चालत्या यंत्रात बसवतात. मग तो त्या यंत्राच्या हातांनी लढतो. लढाई नसते तेव्हा झोपलेला असतो, कधी कधी शतकानुशतकं. इंग्रजीत त्याला 'ड्रेडनॉट' म्हणतात. म्हणजे कशालाच न भिणारा. १९०६ साली ब्रिटिश आरमारात याच नावाची मोठी युद्धनौका आली होती, तिच्यामुळे तो शब्द त्या भाषेत घट्ट रुजलेला आहे.

'निर्भय' असं भाषांतर मला नको आहे. त्यानं माणसाचा स्वभाव कळतो, वस्तू दिसत नाही. मला वस्तूला शब्द हवा आहे.

लातूर

सरळ 'कवच' म्हणा. कर्णाचं कवच जन्मजात होतं, अंगालाच चिकटलेलं. सूर्याचा मुलगा, म्हणजे देवाचा अंशही आला. दोन्ही गोष्टी एका शब्दात बसतात.

परभणी

कर्ण माझ्याही मनात आला होता. पण कर्णानं कवच कापून दिलं आणि त्यानंतरही तो लढला. कवच त्याला मरणापासून राखत होतं, जगवत नव्हतं. इथं उलटं आहे. यंत्र थांबलं की वीर संपला. कवच बाहेरच्या वारासाठी असतं, याला मात्र आतल्या दुखण्यासाठी काहीतरी हवंय.

नांदेड

चाळीस वर्षं संस्कृत शिकवलं, त्या अधिकारानं दोन गोष्टी मांडतो.

पहिली विश्पला. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात, ११६ व्या सूक्तात अश्विनीकुमारांची कामगिरी सांगितली आहे. रात्रीच्या झुंजीत विश्पलेचा पाय पक्ष्याच्या पंखासारखा तुटून पडला आणि अश्विनांनी तिला ताबडतोब 'जङ्घाम् आयसीम्', लोखंडाची तंगडी, बसवून दिली. कशासाठी? पुन्हा धावता यावं, पैजेचं धन जिंकता यावं म्हणून. काही अभ्यासक विश्पला ही घोडी होती असं मानतात. ते काहीही असो, मोडलेल्या देहाला धातूची जोड देऊन परत रिंगणात उतरवायचं, ही कल्पना आपल्याला परकी नाही. 'आयस' हे विशेषण इथलंच. 'आयसदेह' असा शब्द होऊ शकतो, पण तो वर्गातच राहील, वर्गाबाहेर चालणार नाही, हे मीच कबूल करतो.

दुसरा शब्द गीतेतला, अठराव्या अध्यायातला: 'यन्त्रारूढानि मायया'. यंत्रावर चढवलेली भूतं, ईश्वर त्यांना फिरवतो. 'यंत्रारूढ' हा शब्द तयार आहे, शुद्ध आहे आणि कानाला ओळखीचा आहे. माझं मत त्याच शब्दाला.

अंबाजोगाई

सर, 'यंत्रारूढ' वाचून अंगावर काटा आला, कारण हा शब्द मी रोज ऐकते. फक्त संस्कृतात नाही.

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. बाहेर बाकावर बसलेल्या बायका गावाकडे फोन करून सांगतात, "बाबा मशिनीवर हायेत." कुणी व्हेंटिलेटर म्हणत नाही. 'मशिनीवर घेतलं', 'मशिनीवर ठेवलंय', 'मशिनीवरून काढलं'. 'वर' म्हणजेच आरूढ. डायलिसिसला मात्र 'मशीन लावली' म्हणतात, कारण तो माणूस चार तासांनी उठून घरी जातो. 'लावणं' तात्पुरतं आणि 'वर असणं' म्हणजे जीव टांगणीला. हा फरक कुणी शिकवलेला नाही, पण मी कुणाला चुकताना ऐकलेलं नाही.

म्हणूनच मला 'यंत्रारूढ' या वीराला नको वाटतो. मशिनीवरचा माणूस काही करू शकत नाही. त्याच्यासाठी सगळं मशीन करतं आणि निर्णय आम्ही आणि नातेवाईक घेतो. गीतेतही ती भूतं फिरवली जातात, स्वतः फिरत नाहीत. तुमच्या भाच्याचा वीर तर आतून हात उचलतोय. तो मशिनी*वर* नाही, मशिनी*त* आहे. पूर्वी पोलिओच्या रुग्णांना लोखंडी फुफ्फुसात ठेवत, १९२८ साली बोस्टनला ते पहिल्यांदा वापरलं. मान बाहेर, बाकी सगळं अंग नळकांड्याच्या आत. तिथंही 'वर' चाललं नसतं.

परभणी

ताई, 'वर' आणि 'त' हा फरक तुम्ही दाखवलात आणि माझी गाडी पुढे सरकली. आता शब्द असा हवा की ज्याच्या आत राहता येतं.

त्याच खेळातली एक गोष्ट सांगायची राहिली. त्यांचा तो सम्राट स्वतःच दहा हजार वर्षं एका यंत्रसिंहासनावर मरणाच्या उंबऱ्यात बसून आहे. सिंहासन बंद पडलं तर तो गेला. तुमच्या भाषेत देव 'मशिनीवर' आणि त्याचे वीर 'मशिनीत'. मराठीत हे एका प्रत्ययानं सांगता येतं.

छत्रपती संभाजीनगर

आत राहणं, जिवंत असणं, बाहेरून बंद असणं. यावर आपल्याकडे सगळ्यात जवळचा शब्द 'संजीवन समाधी' आहे. आपेगाव पैठणपासून जवळच, ज्ञानोबा आपल्याच मातीतले. मग 'समाधिस्थ वीर' का नाही?

परभणी

शब्द अचूक बसतो, तरी मी वापरणार नाही. समाधी आपण होऊन घेतली जाते, सगळं आटोपल्यावर, शांतपणे. या वीराला कुणी विचारलेलं नाही. त्याला परत लढायला लावण्यासाठी पेटीत घातलंय. वारीला जाणाऱ्या घरात हा शब्द तोफेला जोडलेला मला ऐकवणार नाही.

तुळजापूर

पेटीला काय म्हणावं ते तुम्ही ठरवा, पण त्याच्या झोपेला शब्द आमच्याकडे आहे.

आई तुळजाभवानी वर्षातून तीनदा पलंगावर निद्रा घेते. नवरात्राआधीची ती घोरनिद्रा. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की पौर्णिमेपर्यंत जी घेते ती श्रमनिद्रा. पौषात शाकंभरी नवरात्राआधीची मोहनिद्रा. मूर्ती चल आहे, सिंहासनावरून उचलून पलंगावर नेतात. लहानपणी आजी सांगायची, "आई नऊ दिस लढली, आता दमली, आवाज करू नगा." आणि आम्ही खरंच त्या दिवसांत घरात हळू बोलायचो.

लढून दमलेल्याची झोप म्हणजे श्रमनिद्रा. 'सुप्तावस्था' म्हटलं की बेडूक आठवतो. आईचा शब्द खेळातल्या पात्राला द्यावा का, असं कुणी विचारेल. मला त्यात गैर वाटत नाही. शब्द आदरानं वापरला की झालं.

परभणी

'श्रमनिद्रा' घेतला, आदरानंच.

आता मूळ वस्तूकडे येतो. दोन दिवस एकच गोष्ट डोक्यात आहे, 'रणगाडा'. पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या सप्टेंबरात, फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईत ती वस्तू पहिल्यांदा उतरली. इंग्रजांनी तिला 'टँक' म्हटलं ते गुपित राखण्यासाठी, पाण्याची टाकी वाटावी म्हणून. मराठीनं त्याचं 'टाकी' केलं नाही. वस्तू काय करते ते पाहिलं आणि शब्द जोडला. रणातला गाडा. शाळा न शिकलेल्या माणसालाही तो कळतो, कारण गाडा त्याच्या दारात उभा असतो.

तोच साचा घेतला तर रणातलं काय? 'देह' आहे, 'काया' आहे. 'रणदेह' वाईट नाही. पण मला आठवली 'कुडी'.

आजीच्या गावी, जिंतूरच्या बाजूला, घराची मागची खोली कुडाची होती. तुराट्या उभ्या आडव्या बांधायच्या, वरून शेण-मातीचा गिलावा. पावसाळ्यात गिलावा गळून पडायचा आणि आतल्या काड्या दिसायच्या, आजाऱ्याच्या बरगड्या दिसाव्यात तशा. आजी दर उन्हाळ्यात परत लिंपायची. तिच्या शेवटच्या आजारात मी हात धरून बसलो होतो, तेव्हा म्हणाली, "कुडी जुनी झाली रे बापू, आता किती लिंपायची." तेव्हापासून माझ्या मनात कूड आणि कुडी एकच झालेत. कोशात तसं नाही. कूड 'कुड्य' म्हणजे भिंतीपासून आणि कुडी 'कुटी' म्हणजे झोपडीपासून. दोघी चुलत बहिणी म्हणा. पण दोन्हींत एक गोष्ट आहे: आत कुणीतरी राहतं. 'कुडीत जीव आहे तोवर' असं आपण म्हणतो. 'कवचात जीव आहे' असं कुणी म्हणत नाही.

म्हणून, *रणकुडी*.

लातूर

कवचाचा हट्ट सोडला. 'रणकुडी' छान आहे, पण मला एक अडचण दिसते. 'एवढीशी कुडी' म्हणतो आपण. कुडी हा शब्दच नाजूक. दहा-बारा फूट लोखंडाला तो कसा शोभेल?

अंबाजोगाई

माझी अडचण याहून पुढची आहे. त्याची खरी कुडी आत पेटीत आहे, नळ्या लावलेली. ती अजून गेलेली नाही. मग बाहेरच्याला कुडी कसं म्हणायचं? एका जिवाला दोन कुड्या होत नाहीत.

परभणी

ताई, तुमच्या प्रश्नानं रात्री झोप लागली नाही.

उत्तर असं सुचतंय. त्या वीराची शोकांतिकाच ती आहे, की एका जिवाला दोन कुड्या झाल्या. एक खंगली आणि सुटत नाही, दुसरी लोखंडाची आणि दमत नाही. मधे जीव अडकलेला. 'कुडी खंगली, रणकुडी उभी राहिली' असं वाक्य लिहिलं तर दोन्ही एकमेकींशेजारी उभ्या राहतात आणि दुखणं त्या दोन शब्दांच्या फटीत दिसतं. 'रणदेह' लिहिलं तर नुसतं यंत्र दिसतं. लातूरकरांच्या अडचणीचं उत्तरही यातच आहे. तो नाजूकपणा मला हवाच आहे. एवढ्या लोखंडाच्या आत कुणीतरी आजारी आहे, हे विसरता कामा नये.

हिंगोली

उशिरा आलो. कुडीचं झालं, पण त्या माणसाला तुम्ही सगळे नुसतं 'वीर' म्हणताय, ते मुद्दाम की सहज?

मला वाटतं तेच योग्य आहे. कोशातला 'अर्धदेव' हा निम्मा देव निम्मा माणूस असा मोजून कापलेला वाटतो. आपल्या गावाच्या वेशीवर, देवळामागे वीरगळ असतात. खालच्या चौकटीत लढताना पडलेला माणूस, मधे अप्सरा त्याला वर नेतायत, वरती तोच शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत त्याची कीर्ती. लोक त्याला शेंदूर लावतात. लढून पडला की माणूस देवांच्या पंगतीत जातो, ही पायरी 'वीर' या शब्दातच आहे. फार तर 'देवांशी वीर' म्हणा, कारण तुमच्या खेळात अंशाची गोष्ट खरीच आहे.

आणि क्रियापद सांभाळा. पेटी यंत्रात 'स्थापित केली' लिहू नका. *बसवली* लिहा. आपण घट बसवतो, गणपती बसवतो, विहिरीवर मोटर बसवतो आणि तुटलेल्या माणसाला जयपूरचा पाय बसवतो. नांदेडच्या सरांनीही विश्पलेला तंगडी 'बसवून दिली' असंच लिहिलंय, पाहा. देव आणि यंत्र दोघांना चालणारं क्रियापद आपल्याकडे आधीच आहे.

नांदेड

माझ्याच वाक्यात ते होतं आणि मला दिसलं नाही. 'यंत्रारूढ' मागे घेतो. तो त्या सम्राटासाठी राखून ठेवा.

परभणी

काल भाच्याला फोन केला. रणकुडी स्त्रीलिंगी, अनेकवचन रणकुड्या, 'रणकुडीतला वीर', 'रणकुडीत बसवला' असं सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, पणजीआजीची कुडी, तीच ना?" मी हो म्हणालो.

संध्याकाळी त्यानं चित्राचा फोटो पाठवला. इंग्रजी नाव खोडून खाली लिहिलंय, 'वीर रणकुडीत बसवला. श्रमनिद्रा चालू आहे.' आणि पेटीतल्या माणसाच्या अंगावर, जिथं आधी नळ्याच होत्या, तिथं त्यानं एक वाकळ काढली आहे.