पुन: घरच्या तरणतलावाच्या सफाईसाठी रोबो की सक्शनवाला?
अलिबागच्या बंगल्यातल्या तलावाचा तळ साफ करणाऱ्या यंत्राबद्दल "सक्शनवाला स्वस्तात मिळतोय, घेऊ का?" असं विचारलंय. माझं मत: किंमत नंतर बघा, आधी तळाशी काय साचतं ते बघा.

सक्शनवाला, म्हणजे नळीने गाळ ओढणारा, तलावाच्या तुमच्याच पंपाच्या जोरावर चालतो. म्हणजे पंप तासन् तास चालू, आणि सगळा गाळ तुमच्याच सँड फिल्टरमध्ये (वाळूतून पाणी गाळणारा). कोकणातली लाल माती बारीक असते. तिच्यातली बरीचशी वाळूतून निसटून परत तलावात येते आणि फिल्टर सारखा बॅकवॉश करावा (उलटं पाणी सोडून धुवावा) लागतो, त्यात पाणी जातं ते वेगळंच. आंब्याची पानं तर नळीतच अडकतात. रोबोची मोटर आणि जाळी स्वतःची असते, त्यामुळे पंपावर भार नाही. बारीक जाळीचा घ्या.

टाइल्स काचेच्या मोझॅकच्या आहेत का? असतील तर ब्रश आधी विचारा. साधे रबरी ब्रश गुळगुळीत भिंतीवर घसरतात, फोमचे पकड घेतात. (विक्रेते हे आपणहून सांगत नाहीत.)

केबलवाल्या रोबोचा ट्रान्सफॉर्मर काठापासून किमान साडेतीन मीटर लांब, आडोशाला ठेवा आणि त्या लाइनला आरसीसीबी (वीजगळती होताच वीज तोडणारा स्विच) हवाच, यात काटकसर नको. बिनकेबलचा सुटसुटीत खरा, पण बॅटरी ठरावीक तासच चालते आणि काही वर्षांनी बदलावी लागते.

आणि हो, पाणी हिरवं झालं असेल तर कुठलंच यंत्र कामाचं नाही. आधी पीएच (पाणी किती आम्लारी ते सांगणारा आकडा) ७.२ ते ७.६ मध्ये आणा, मग क्लोरीन. क्लोरीनचा जादा डोस टाकताना रोबो बाहेर काढून ठेवा.