वटवाघळाचं रक्त निगेटिव्ह, अंगावरची माशी पॉझिटिव्ह: बार्टोनेलाचा निकाल कसा वाचायचा?

निशाचर

पश्चिम घाटातल्या गुहेत राहणारी लेशनॉल्टची फळखाऊ वटवाघळं (रुझेटस लेशनॉल्टी) आणि त्यांच्या केसांत फिरणारी बिनपंखी, कोळ्यासारखी दिसणारी माशी, यांच्या नमुन्यांबद्दल विचारायचं आहे. वनखात्याच्या लेखी परवानगीने घेतलेले नमुने आहेत. पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून पाहण्याची चाचणी) केल्यावर रक्तात बार्टोनेला हा जिवाणू मिळत नाही, पण त्याच वटवाघळाच्या अंगावरून काढलेल्या माशीत त्याच्या जीएलटीए जनुकाचा ठळक बँड, म्हणजे जेलवरचा पट्टा, येतो. रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत घेतलं, माश्या ७० टक्के इथेनॉलमध्ये ठेवल्या. पकडलेली वटवाघळं कापडी पिशव्यांत होती, एका पिशवीत दोन-तीन.

यावरून माशी हीच वाहक (एका वटवाघळाकडून दुसऱ्याकडे जिवाणू नेणारी) आहे असं लिहिता येईल का? आणि गुहेजवळच्या वस्तीला काय सांगायचं?

कीटकपेटी

आधी पिशव्यांचं बोलू, कारण सगळा घोळ तिथेच सुरू होतो. या माश्या निक्टेरिबिडी कुळातल्या. पंख नाहीत म्हणून एकाच वटवाघळाला चिकटून राहत असतील असं वाटतं, पण वटवाघूळ हाताळताना बिथरलं की त्या झपाट्याने निघतात आणि शेजारच्या अंगावर चढतात. एका पिशवीत दोन वटवाघळं असली की कोणती माशी कुणाची हे सांगता येत नाही. एक वटवाघूळ, एक पिशवी. तीच पिशवी दुसऱ्यासाठी वापरायची तर आधी उलटी करून, झटकून, शिवणीत लपलेल्या माश्या काढून. उकळून धुतलेल्या भरपूर पिशव्या सोबत नेल्या तर हा प्रश्नच येत नाही. माशी बारीक टोकाच्या चिमट्याने पायाच्या बुडाशी धरून काढायची. पोट दाबलं तर आतलं रक्त बाहेर येतं आणि नमुना वाया जातो.

आता वाहक आहे का, याबद्दल. ही माशी रक्तावरच जगते आणि दिवसातून अनेकदा पिते. त्यामुळे तिच्या पोटात जे सापडतं ते कालच्या जेवणातलंही असू शकतं, तेही दुसऱ्याच वटवाघळाचं. डोकं-छाती आणि पोट वेगळं करून दोन्हींतून डीएनए काढा. फक्त पोटात मिळालं तर ते जेवण म्हणूनच धरा. डोकं-छातीतही मिळालं तर जिवाणू आतड्याबाहेर गेला असावा अशी शंका घ्यायला जागा आहे. पुरावा मात्र नाही, कारण कापताना पोटातलं द्रव पुढे लागतं. म्हणून प्रत्येक माशीसाठी नवं पातं.

या माश्यांची सर्वात उपयोगी गोष्ट म्हणजे त्यांचं बाळंतपण. मादी अंडी घालत नाही. एका वेळी एकच अळी तिच्या पोटात, दुधासारख्या स्रावावर वाढते. पूर्ण वाढली की मादी वटवाघळावरून उतरते, अळी गुहेच्या भिंतीला चिकटवते आणि परत जाते. अळीचा लगेच कोष होतो आणि साधारण तीन-चार आठवड्यांनी माशी बाहेर येते. असे कोष भिंतीवरून अलगद काढून कुपीत, गुहेइतक्याच ओलाव्यात आणि तापमानात ठेवा. बाहेर आलेली माशी एकदाही रक्त न पिता पॉझिटिव्ह निघाली, तर जिवाणू आईकडून आला. मेंढीच्या लोकरीत राहणाऱ्या बिनपंखी माशीतली बार्टोनेला अशीच पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाते असं दिसतं. तसं असेल तर तो माशीचा सोबती आहे, आणि वटवाघळाचं रक्त निगेटिव्ह येणं अगदी स्वाभाविक ठरतं.

जेलबँड

कीटकपेटींना अनुमोदन. आता प्रयोगशाळेकडून.

नुसत्या बँडवर विश्वास ठेवू नका. जीएलटीए म्हणजे सायट्रेट सिंथेजचं जनुक, ते बहुतेक जिवाणूंमध्ये असतं. या माश्यांच्या शरीरात आर्सेनोफोनससारखे सहजीवी जिवाणू भरपूर असतात. प्रायमर (हवा तो तुकडा पकडणारे डीएनएचे छोटे धागे) थोडे सैल बसले, तापमान खाली ठेवलं, की भलतंच काही वाढून येतं. नेहमीच्या जोडीतून येणारा तुकडा सुमारे ३७९ बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) असतो, पण लांबी जुळली म्हणून ओळख पटत नाही. प्रत्येक पॉझिटिव्ह नमुना सिक्वेन्स करा, म्हणजे त्यातल्या बेसचा क्रम वाचा. आलेखात एकाच जागी दोन शिखरं दिसली तर तो खराब सिक्वेन्स म्हणून फेकू नका. वटवाघळांत बार्टोनेलाचे दोन-तीन प्रकार एकत्र असणं नेहमीचं आहे. तुकडा क्लोन करून (एकेका प्रतीच्या वेगळ्या नकला वाढवून) पाच-दहा क्लोन वाचले की ते सुटे होतात.

बार्टोनेलाच्या डीएनएचा दुसरा भागही तपासायला हवाच: आयटीएस, एफटीएसझेड किंवा आरपीओबी. नवी प्रजाती म्हणण्याची प्रचलित मर्यादा अशी: जीएलटीएच्या ३२७ बेसमध्ये साम्य ९६ टक्क्यांहून कमी आणि आरपीओबीच्या ८२५ बेसमध्ये ९५.४ टक्क्यांहून कमी. एकाच तुकड्यावरून नवं नाव जाहीर करणं घाईचं आहे.

रक्त निगेटिव्ह का आलं असेल? बार्टोनेला तांबड्या पेशींत राहते आणि रक्तातलं तिचं प्रमाण चढतं-उतरतं. एका दिवशी घेतलेल्या थेंबात ती नसणं म्हणजे वटवाघूळ निरोगी असणं नव्हे. शिवाय हिमोग्लोबिन पीसीआर अडवतं. काढलेला डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा, मिश्रणात बीएसए (हा अडथळा कमी करणारं प्रथिन) घाला, आणि प्रत्येक रक्तनमुन्यातून वटवाघळाचं स्वतःचं सायटोक्रोम बी जनुक वाढवून पाहा. तेही आलं नाही तर निकाल ‘निगेटिव्ह’ नाही, ‘चाचणी फसली’ असा लिहायचा. ईडीटीए वापरलंत ते बरोबर, रक्त गोठू न देणारं दुसरं औषध, हेपरिन, पीसीआरला घातक. रक्त वजनाच्या एक टक्क्याहून जास्त काढू नये. ऐंशी ग्रॅमच्या फळखाऊला ०.८ मिली ही कमाल झाली, ०.२ मिली पुरतं.

जिवंत जिवाणू वाढवायचा असेल तर रक्त ताजं किंवा उणे ८० अंशांवर गोठवलेलं हवं. सशाचं रक्त घातलेलं अगार, ३५ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि चार आठवडे धीर. ताट सुकू नये म्हणून ओलावा राखा. पाचव्या दिवशी काही दिसत नाही म्हणून ताटं टाकून देणं, ही नेहमीची चूक.

निशाचर

फार उपयोगी. मग एकत्र पिशवीतले जुने नमुने बाद समजायचे का? आणि ७० टक्के इथेनॉलचं काय?

जेलबँड

बाद नाहीत. ‘या वटवाघळाची माशी’ असं न म्हणता ‘या गुहेतल्या माश्या’ म्हणून वापरा. पोटातल्या रक्ताचं सायटोक्रोम बी सिक्वेन्स केलंत तर निदान कोणत्या जातीचं रक्त प्यायलं ते कळेल. इथेनॉल यापुढे ९५ टक्के घ्या. ७० टक्क्यांत माशी लवचीक राहते, ओळख पटवायला सोपी जाते, पण डीएनए हळूहळू तुटतो. माशीच्या कितीतरी पट इथेनॉल हवं आणि पहिल्या दिवशी एकदा बदला, कारण माशीतलं पाणी ते पातळ करतं. चिठ्ठी पेन्सिलने लिहून कुपीच्या आत. बाहेरची शाई इथेनॉलने पुसली जाते.

रानवैद्य

वाहक ठरवायला काय लागतं, याचं चांगलं उदाहरण घानातलं आहे. तिथे आफ्रिकी फळखाऊ वटवाघळांच्या बंदिस्त वसाहतीत माश्या घटत गेल्या तसा बार्टोनेलाचा संसर्ग उतरला, आणि माश्या पुन्हा सोडल्यावर वाढला. एका दिवसाच्या नमुन्यांतून ‘वाहक’ हा शब्द निघत नाही. तुम्ही ‘माशीत बार्टोनेलाचा डीएनए आढळला’ एवढंच लिहा.

माणसाच्या धोक्याबद्दल दोन नोंदी सांगण्याजोग्या. अमेरिकेत आयोवातल्या एका रुग्णाच्या हृदयाच्या झडपेत मिळालेला मायोटिमोनेन्सिस हा बार्टोनेलाचा प्रकार २०१० मध्ये जाहीर झाला आणि २०१४ मध्ये तो फिनलंडच्या वटवाघळांत सापडला. नायजेरियात इडान्रेच्या डोंगरात गुहेतली वटवाघळं हाताने पकडण्याचा सण असतो. तिथल्या काही लोकांच्या रक्तात वटवाघळांमधल्या बार्टोनेलाविरुद्धची प्रतिपिंडं मिळाली, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे संपर्क घडतो, पण तो थेट हाताळणाऱ्यांचा. या माश्या वटवाघूळ सोडून माणसांच्या घरात वस्ती करत नाहीत.

म्हणून काळजी आधी नमुने घेणाऱ्यांची. नायट्रिलच्या हातमोज्यांवर चामड्याचे, एन-९५ मास्क, पूर्ण बाही, आणि काम सुरू होण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस. चावा बसला तर साबण आणि वाहतं पाणी १५ मिनिटं, मग लस घेतलेली असली तरी दवाखाना. महाबळेश्वरच्या गुहेतून मार्च २०२० मध्ये पकडलेल्या याच जातीच्या वटवाघळांत निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं मिळाली होती, तेव्हा लाळ आणि मूत्र लागलेलं काहीही उघड्या हाताने उचलू नका.

वस्तीला सांगायचं ते असं: गुहेत उगाच जाऊ नका, पडलेलं वटवाघूळ हाताने उचलू नका, अर्धं खाल्लेलं फळ खाऊ नका. आणि कृपा करून गुहेत धूर करू नका. धुराने वटवाघळं विखुरतात, पिल्लं खाली पडतात, आणि लोक तीच उचलायला जातात. पिल्लं आयांच्या पोटाला चिकटलेली असताना तुम्हीही जाळी लावू नका. नमुने पुढच्या फेरीत घेता येतील.