नाताळ झाला, आता दार कोण वाजवणार?

११ जानेवारीच्या रविवारी दुपारी आमच्या घरच्या ग्रुपवर जे सुरू झालं ते रात्रीची जेवणं होईपर्यंत चाललं. सगळ्यांना विचारून इथे देतोय. नावं काढली, नाती ठेवली. गुड मॉर्निंगची फुलं आणि नुसतं ‘आमेन’ लिहिलेले मेसेज गाळलेत, नाहीतर हे दुप्पट झालं असतं.

काका साताऱ्यात पास्टोरेट कमिटीवर, म्हणजे आमच्या मंडळीचा (चर्चचा) कारभार बघणाऱ्या समितीवर आहेत. आत्या त्यांची थोरली बहीण, सदर बझारला एकटी राहते. मिरजेचा दादा तिचा मुलगा, तेव्हा आमचे काका ते त्याचे मामा. छोटी काकांची मुलगी. रहिमतपूरचे मामा हे माझ्या आईकडचे. नाताळच्या जेवणाचा हिशोब करायला त्यांना ग्रुपवर घेतलं, ते राहिलेच.

काका, १२.४०
सर्वांना सलाम. आज उपासनेला पुढचे चार बाक मोकळे. मागच्यांचं तर विचारूच नका. २५ डिसेंबरला बाहेर मांडव घालून खुर्च्या टाकाव्या लागल्या होत्या. त्याच मंडळीत आज घंटा झाल्यावर पाळकसाहेब माणसांची वाट बघत थांबले. बायबलमधलं इब्री १०:२५ सर्वांनी काढून वाचावे, एकत्र जमणे सोडू नका म्हणून.

पुण्याची वहिनी
काका, न येणारे कुठे या ग्रुपवर आहेत?

काका
आहेत. एक रहिमतपूरला, एक सदर बझारला.

आत्या (व्हॉइस मेसेज, छोटीने लिहून काढलेला)
हे बघ, मला वचन पाठवू नकोस. संडे स्कूलला ते वचन मीच तुझ्याकडून पाठ करून घेतलंय. दोन ओळींनंतर अडायचास.

मिरजेचा दादा
मामा, आईला मीच सांगितलंय जाऊ नको म्हणून. साडेआठची उपासना. म्हणजे ही साडेसातला रिक्षासाठी कोपऱ्यावर उभी. यवतेश्वराच्या डोंगरावरून वारं खाली येतं ते सरळ अंगावर. दम्याच्या माणसाला थंड कोरड्या हवेत श्वासनळ्या आवळतात हे तिला मी काय सांगू, तिचा जन्म नर्सिंगमध्ये गेला. डिसेंबरात चर्चच्या दारातच पंप ओढायची वेळ आली होती.

काका
मग उपासना दहाला करा असं कमिटीत लिहून द्या.

छोटी
पप्पा, मागच्या वर्षी लिहून दिलेलं. तुम्हीच नाही म्हणालात.

काका
कारण पाळकसाहेबांना इथलं आटोपून पुढे गावातल्या मंडळीत जायचं असतं. तिथे लोक बारापर्यंत बसून राहणार का? आणि दहा वाजता उपासना म्हटलं की दुकानवाले गेले, दवाखान्याच्या ड्युटीवाले गेले. एकाची सोय केली की दुसऱ्याची गैरसोय.

(इथे काकांचं पटलं मला. वेळ बदला, असं सगळेच म्हणतात, पण एका पाळकाच्या माथ्यावर किती मंडळ्या आहेत ते कोणी मोजत नाही.)

छोटी
लाईव्ह तर करतोय ना आपण यूट्यूबवर. आत्या, दिसतं ना?

आत्या (व्हॉइस)
दिसतं की. पाठी दिसतात. तू मोबाईल कीबोर्डशेजारी लावतेस, त्यामुळे बोर्डाचा आवाज सोडून काही ऐकू येत नाही. प्रवचन म्हणजे मध्येमध्ये ‘प्रियजनहो’ एवढंच. पण पाठी मी ओळखते. तिसऱ्या बाकावर कडेला तपकिरी शाल असायची, ती नाताळनंतर दिसली नाही. तिच्या पुढची, अंबाड्यात पांढरं फूल घालणारी, तीही नाही. कोणी गेलं का बघायला? मी घरात बसून हजेरी घेते, तुम्ही तिथे बसून घेत नाही.

छोटी
तपकिरी शालवाल्या आजी कराडला मुलीकडे गेल्यात. फूलवाल्या आजींचं माहीत नाही.

आत्या (व्हॉइस)
तेच म्हणते मी.

यानंतर बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. मग मामा आले. मामा एकदा टाईप करायला बसले की शेवटपर्यंत उठत नाहीत.

रहिमतपूरचे मामा, २.१५
सर्वांस्नी सलाम. काकासाहेब आमचं नाव निघालं म्हणून लिवतो. थंडीचा आमाला काय तरास न्हाय. तरास हाय तो उसाचा आन लाईटीचा. नोव्हेंबरात कारखाने सुरू झालं की ऊसतोडीची टोळी कवा येईल सांगता येत न्हाय. आज येती म्हनली तर चार दिसानं येती, आन आली की ती रविवार बगत न्हाय. त्या वक्ती मालक फडात नसला तर वाडं कुठं गेलं, मोळ्या कुठं गेल्या, कळत न्हाय. दुसरं, गव्हाला पानी. शेतीची थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रातीची. रातभर गार पान्यात उभं राहून दारं धरायची आन सकाळी साडेआठला साताऱ्यात बाकावर बसायचं म्हनजे पयल्या गीतालाच डोळा लागतो. त्यापरास घरात झोपल्यालं बरं. देवाला बी कळत आसंल.

पुण्याची वहिनी
मामा, तुम्ही चर्चमध्ये येऊन झोपा. आमच्या पिंपरीत निम्मे तेच करतात.

काका
मामा, तुमची अडचण खरी आहे. पण मंडळी म्हणजे एकत्र येणं. कवी रे. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि याच साताऱ्यात येऊन देवाचा दरबार काढला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्तामागे चालणाऱ्या सगळ्यांना त्यात जागा. दोन वर्षांत ते गेले, १९१९ ला. पण विचार केवढा मोठा! आणि आपण पांघरुणातून बाहेर यायला तयार नाही.

आत्या (व्हॉइस)
टिळकांचं नाव घेतोस तर त्यांच्यासारखा घराबाहेर पड ना. ते कीर्तन घेऊन लोकांत जायचे. तू घंटा वाजवून लोकांची वाट बघतोस.

काका
अक्का, कमिटीचे पंच घरोघरी भेटी देतात. माझ्याकडे यादी आहे.

आत्या (व्हॉइस)
येतात ना. वर्गणीचं पाकीट घेऊन येतात.

ह्यावर काका गप्प. निळ्या टिका दिसत होत्या, उत्तर नाही. वहिनींनी मध्येच पिंपरीच्या चर्चमधल्या केक स्पर्धेचा फोटो टाकला, त्यालाही कोणी अंगठा दिला नाही. शेवटी दादानेच पुढे नेलं.

मिरजेचा दादा, ४.०५
आई, वर्गणीचं राहू दे. तुला नक्की काय पाहिजे ते सांग. मामा कमिटीवर आहेत तोवर काहीतरी होईल.

आत्या (व्हॉइस, चांगला लांब, छोटीने लिहून काढताना थोडा आटोपता घेतला असावा)
मला काही नको, हिशोब बघा फक्त. नाताळआधीचे आगमनकाळाचे चार रविवार गजबज. कॅरलची टोळी दारात येते, पंचवीस-तीस पोरं, ढोलकी, सांताक्लॉज, जिन्यात चपलांचा ढीग. करंज्या पुरत नाहीत. चोवीसची रात्र, पंचवीस, मग एकतीसची वॉच नाईट, मग नव्या वर्षाचं प्रभुभोजन, भाकर आणि द्राक्षरसाचा विधी. म्हणजे ज्या महिन्यात सगळे आपसूक चर्चला येतात, त्याच महिन्यात घरोघरी पण जातात. आणि मग एकदम बंद. यंदा राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या लेंटचा, उपासकाळाचा पहिला दिवस, १८ फेब्रुवारीला. सहा जानेवारीला प्रगटीकरणाचा सण झाला, तिथून तिथपर्यंत सहा आठवडे माझ्या दारात कोण येतं? दूधवाला. थंडी तर खरी याच दिवसांत. म्हातारी माणसं घरात बसतात ती याच दिवसांत. बुधवारी संक्रांत, शेजारच्या वहिनी तिळगूळ घेऊन येतीलच. मंडळीच्या आधी त्या येतात.

मिरजेला मिशन हॉस्पिटलात शिकत होते तेव्हा नाताळच्या पहाटे आम्ही मुली वॉर्डातून गात जायचो. पेशंटला उचलून चर्चला न्या असं कोणी म्हटलं नाही. गाणंच वॉर्डात न्यायचं. तेवढंच म्हणते मी, पण जानेवारीत.

(मिशन हॉस्पिटल म्हणजे वानलेस. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत सुरू केलेलं. आमच्या घरात त्याला अजून कोणी दुसऱ्या नावाने हाक मारत नाही.)

छोटी
पण आत्या, जानेवारीत कॅरल? लोक हसतील.

आत्या (व्हॉइस)
मत्तयाचा दुसरा अध्याय काढ. मागी लोक, बाळ येशूला बघायला ताऱ्यामागून आलेले ज्ञानी, गोठ्यात आले असं तुम्ही नाटकात दाखवता. मत्तय लिहितो ते घरात आले. उशिरा आले, पण आले आणि घरात आले. प्रगटीकरण त्यांचंच आहे ना? मग त्यांच्या सणानंतर घरी जायला कसली लाज. नाताळचीच गाणी म्हणा. शेजारणीलाही आवडतात.

पुण्याची वहिनी
हे भारी आहे आत्या! आमच्या पाळकांना सांगते.

मिरजेचा दादा
मामा, वाचताय ना?

काका, ५.२०
वाचतो आहे. अक्काचं पाकिटाबद्दलचं बोलणं कमिटीत मांडणार आहे. भेटीला जाणाऱ्याने पावतीपुस्तक नेऊ नये, असा नियमच करावा लागेल. बाकी मुद्दा मान्य. लेंटपर्यंत पाच रविवार उरलेत: १८ आणि २५ जानेवारी, १, ८ आणि १५ फेब्रुवारी. उपासना सुटल्यावर तरुण संघाने तीन-तीन घरं घ्यावीत, जास्त नको. पंचवीसला सोमवारची २६ जानेवारीची सुट्टी जोडून आलीय, त्या दिवशी पोरं महाबळेश्वरला पळणार हे मी आजच लिहून ठेवतो.

छोटी
पप्पा, आम्ही नाही जाणार. गेलो तर सकाळी घरं करून मग जाऊ.

काका
तीन घरांत प्रत्येकी पंधरा मिनिटं. एक गीत, एक उतारा, प्रार्थना. ज्यांना महिनोन्‌महिने प्रभुभोजन मिळालं नाही त्यांची नावं वेगळी द्या, तिथे पाळकसाहेब स्वतः जातील.

आत्या (व्हॉइस)
आणि खायला कुठेही करायचं नाही. बुधवारच्या प्रार्थनासभा कशाने मोडल्या माहीत आहे ना? एकीने चहा-बिस्किट दिलं, दुसरीने उपमा केला, तिसरीने बटाटेवडे. चौथीची ऐपत नव्हती, तिने आमच्याकडे नको म्हणून सांगितलं. तिथून पुढे सगळ्यांचंच नको झालं. फार तर चहा. तोही अर्धा कप.

(हा नियम मी प्रत्येक मंडळीच्या नोटीस बोर्डावर लावायला तयार आहे.)

पुण्याची वहिनी
आणि मधल्या आठवड्यात? आमच्याकडे बुधवारी रात्री व्हॉट्सॲपवर ग्रुप कॉल असतो. ३२ जण बसतात. आधी झूमवर करायचो, ते फुकटात ४० मिनिटांनी तुटायचं, नेमकी शेवटची प्रार्थना चालू असताना.

मिरजेचा दादा
आईच्या मैत्रिणींकडे बटणाचे फोन आहेत वहिनी.

छोटी
बटणाच्या फोनवर कॉन्फरन्स होतो की. मी माझ्या फोनवरून एकेकीला लावून जोडत जाते, चार-पाच जणी आरामात बसतात. त्यांनी फक्त उचलायचं. त्यांना काही दाबायला लागत नाही.

आत्या (व्हॉइस)
हे मात्र कर. मला कोणाचं तोंड बघायचं नाही, आवाज ऐकायचाय. आणि पहिला फोन त्या फूलवालीला लाव.

छोटी
नंबर पप्पांच्या यादीत असेल. बघते.

रहिमतपूरचे मामा
आन आमचं काय? आमच्याकडं बी येनार का मागी लोक?

काका
या की म्हणा, येतो. तुमच्याकडे तीन घरं आहेत आपली. पण सकाळी जमणार नाही.

रहिमतपूरचे मामा
सकाळी नकोच. दुपारी दोननंतर या. रातीची पाळी आसली तरी तवर झोप झालेली आसती. टोळी फडात आसली तर आमी बांधावरच बसू. टोळीतली मानसं बीडकडची हायती, पोरंबाळं घिऊन आल्याती, कोपीत ऱ्हात्यात. त्यांच्या पोरास्नी गानं ऐकायला गंमत वाटंल. येताना नाताळातलं काय गोडधोड उरलं आसंल तर त्या पोरांसाठी आना. तितं उपम्याचा नियम लावू नगा.

आत्या (व्हॉइस)
त्यांना लावणारच नाही. त्या पोरांसाठी मी चिक्की घेऊन ठेवते.

काका
१ फेब्रुवारीला रहिमतपूर. मामा, आदल्या रात्री फोन करा, टोळी कुठे आहे ते सांगा. १८ ला पहिलं घर अक्काचं, उपासना सुटली की साधारण साडेदहाला. दहा माणसांच्या वर आणत नाही. हार्मोनियम आणू का?

आत्या (व्हॉइस)
जिना अरुंद आहे. मागे हार्मोनियम अडकून खालच्या बिऱ्हाडाच्या दाराचा रंग गेला होता. ढोलकी आण.

छोटी
पप्पा, ढोलकीची एक पुडी नाताळात फुटलीय. शनिवारच्या आत बसवून आणा, नाहीतर डबा वाजवायला लागेल.