शनिवारी टेरेसवर कुठला सिनेमा: डाउटफायर की चाची ४२०?

ए-१०१ सेक्रेटरी: नमस्कार मंडळी, गणपतीच्या कार्यक्रमात शनिवारी साडेसातला टेरेसवर सिनेमा ठरलाय, पाऊस लागला तर खाली पार्किंगमध्ये पडदा लावू. मिसेस डाउटफायर आणि चाची ४२० अशी दोन नावं आलीत, गोष्ट म्हणे एकच आहे. रात्रीपर्यंत काय ते सांगा म्हणजे पोरांना निरोप देता येईल.

बी-२०४ काकू: दोन्हीत नवरा-बायको वेगळे झालेत ना ओ? गणपतीत कशाला असलं. एवढे सिनेमे पडलेत, एखादा प्राण्याबिण्यांचा लावा की.

ए-३०२ काका: अहो वहिनी, कॉमेडी आहे ती, हसून हसून पोट दुखतंय. माझं मत चाची ४२० ला. बायको लेकीला घेऊन माहेरी गेलेली, बापाला लेक भेटंना, मग हा गडी बाईचं सोंग घेऊन सासऱ्याच्याच घरात कामाला लागतो आणि नाव काय सांगतो तर लक्ष्मी गोडबोले, म्हणजे आपलीच की. १९९७ चा आहे, कमल हासननं स्वतः दिग्दर्शन केलंय, आदल्या वर्षी तमिळमध्ये अव्वै षण्मुगी आलेला त्यावरनं. अमरीश पुरी, ओम पुरी, परेश रावल, तब्बू, आणि त्याला बाई बनवणारा मेकअपवाला म्हणजे आपला जॉनी वॉकर. आणि ती बारकी पोरगी म्हणजे फातिमा सना शेख, जिनं पुढं दंगलमध्ये गीता फोगाटचं काम केलं, आपल्या कुस्तीच्या कोल्हापुरातल्या पोरांना एवढं सांगितलं तरी पळत येतील बघा.

डी-१०३: काका पण मूळ सिनेमा डाउटफायर ओ, १९९३ चा. रॉबिन विल्यम्स मिसेस डाउटफायर नावाची म्हातारी होऊन स्वतःच्याच पोरांना सांभाळायला जातो. त्याच्या मेकअपला ऑस्कर मिळालंय. आणि तो बाप कार्टूनला आवाज द्यायचं काम करत असतो, त्यामुळं म्हातारीचा आवाज काढतो ते पटतं तरी.

बी-२०४ काकू: कुठला का असेना, विषय तोच ना. लहान पोरांच्या डोक्यात घटस्फोट कशाला घालायचा म्हणते मी.

बी-४०१ ताई: काकू, मी बोलू का जरा, मेसेज मोठा होईल पण वाचा सगळ्यांनी. डाउटफायरचं नाव मीच दिलंय सेक्रेटरी साहेबांकडं.

आमच्या घरचं सगळ्यांना माहीत आहे, लेक आणि मी दोघीच राहतो, तिचे बाबा सांगलीला असतात, केस संपली. तिच्या डोक्यात घटस्फोट घालायला सिनेमा लागत नाही, तो तिच्या घरातच आहे. आणि आपल्या चार विंगमध्ये ती एकटीच तशी आहे असं पण नाही. चाची ४२० आम्ही दोघींनी घरात बघितलाय, काका म्हणतात तसा भारीच आहे, भरपूर हसलो. पण शेवटाला तब्बू आणि कमल हासन परत एक होतात ना, तिथं लेक मुठीतले खारे शेंगदाणे तसेच धरून माझ्याकडं वळली आणि म्हणाली, मग आपले बाबा पण येणार? मी नाही म्हटलं, समजावून सांगितलं. रात्री अंथरुणात परत सुरू, की मम्मी मी खूप आजारी पडले, दवाखान्यातच ठेवलं तर येतील का, आणि मग तुम्ही दोघं तिथंच बोलशीला का.

काय सांगणार ओ ह्याच्यावर. वेगळे झालेल्या आईबापांची पोरं आतल्या आत हाच हिशोब मांडत असतात की आपण काय केलं म्हणजे ही दोघं एक होतील, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं येतंच, की हे माझ्यामुळं झालं का. समुपदेशक मॅडमनी पण मला हेच सांगितलेलं, की आशा लावून ठेवू नका, तिला खरं काय ते कळू दे आणि तिच्यामुळं काही झालेलं नाही हे परत परत सांगा. आता आपल्या सिनेमात आईबाप भांडले की शेवटी पोरासाठी एक होणारच, ते झाले नाहीत तर आपल्याला सिनेमा अर्धवट वाटतो. बघणाऱ्या मोठ्यांना बरं वाटतं ते, पण माझ्या लेकीला त्याचा त्रास झाला.

डाउटफायर इथं वेगळा आहे. त्यात शेवटी आईबाप एकत्र येत नाहीत. आधी त्यांना एकत्र आणायचा विचार होता पण रॉबिन विल्यम्स, आईचं काम करणारी सॅली फील्ड आणि दिग्दर्शक ख्रिस कोलंबस तयार झाले नाहीत, त्यांना पोरांना खोटी आशा द्यायची नव्हती, हे वाचलं तेव्हा मला त्या माणसांबद्दल फार वाटलं. शेवटी ती म्हातारी टीव्हीवर पोरांचा कार्यक्रम करत असते आणि एका बारक्या पोरीचं पत्र येतं, तिचे आईबाबा वेगळे झालेत, तर तिला उत्तर देताना म्हातारी एक शब्द खोटा बोलत नाही. काही आईबाबा परत एक होतात, काही होत नाहीत, नाही झाले तरी त्यात तुझी चूक नाही, घरं हजार तऱ्हेची असतात, असं सगळं नीट सांगते. हे माझ्या लेकीनं चार पोरांच्यात बसून ऐकावं असं मला फार वाटतंय, एकटीनं माझ्या शेजारी बसून नको.

ए-३०२ काका: ताई, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. वाचालोय मी, लिहा अजून.

बी-४०१ ताई: लिहितेच काका, कारण दुसरं पण आहे. सिनेमाच्या सुरुवातीला तो बाप, डॅनियल, पोराच्या वाढदिवसाला घरात शेळ्या, घोडा असं सगळं आणून नाचत असतो. पोराचे मार्क खराब आलेत म्हणून आईनं पार्टी नको म्हटलेलं. ती ऑफिसातनं दमून येते आणि सगळ्यांच्या देखत तीच वाईट ठरते. १४ वर्षांचा संसार तिथं मोडतो. तिचं म्हणणं एवढंच की तू कायम मजेचा बाप होणार, मग रागवायचं काम राहतंय ते माझ्याकडं. सांगा बघू, वेगळं न होता सुद्धा किती घरात हेच चाललंय. मग बाईचं सोंग घेतल्यावर त्याला स्वयंपाक येत नाही, पहिल्याच दिवशी गॅसजवळ गेल्यावर छातीला लावलेल्या सोंगालाच आग लागते, शेवटी हॉटेलातनं मागवून स्वतः केलंय म्हणून वाढतो. पण हळूहळू शिकतो. आधी अभ्यास मग टीव्ही, घर आवरणं, पोरांचं ऐकून घेणं, बाप असताना जे कधी केलं नाही ते बाई होऊन करतो. मला आवडतो तो ह्याच्यासाठी.

डी-१०३: आणि तो केकचा सीन! कोर्टाची बाई घर तपासायला येते, ह्याला एकाच वेळी बाप पण व्हायचं असतं आणि म्हातारी पण, मुखवटा खिडकीतनं खाली पडतो आणि वरनं ट्रक जातोय. मग फ्रीजमधला केक उघडून तोंडच घालतो त्यात, क्रीम म्हणजे फेसपॅक म्हणून सांगतो आणि चहा देताना ते क्रीम थेंब थेंब गळतंय त्या बाईच्या कपात. आमच्या रूमवर लावलेला तेव्हा शेजारचे बघायला आले काय झालं म्हणून.

बी-२०४ काकू: वाचलं ताई. पण मला एक सांगा, आईला खलनायिका केलंय का त्यात? बापाची बाजू घेऊन बाईला नावं ठेवणारा असेल तर मला चालणार नाही हं, पोरींनी काय शिकायचं त्यातनं.

बी-४०१ ताई: नाही काकू, अजिबात नाही. तिचं पण पटतं. इतकं की तिच्या आयुष्यात जो दुसरा माणूस येतो, पिअर्स ब्रॉस्नन, तो सुद्धा चांगला दाखवलाय, पोरांशी नीट वागणारा. उलट बापच जळून त्याच्या जेवणात तिखट घालतो, त्याला त्याचीच ॲलर्जी, घास अडकून जीव जायची वेळ येते आणि मग ह्यालाच धावून जाऊन वाचवावं लागतं. आणि फसवलंय म्हणून कोर्ट बापाला माफ पण करत नाही. नंतर आईच ठरवते की पोरांनी रोज शाळेनंतर बापाकडं जावं.

सी-३०१ वकील वहिनी: कोर्टाचा विषय निघाला म्हणून सांगते. सिनेमात बापाला आधी फक्त शनिवार मिळतो, आणि तीन महिन्यांत नोकरी आणि राहायला धड घर कर मग बघू असं जज सांगतो. आपल्याकडं हिंदू कायद्यात ५ वर्षांखालचं मूल शक्यतो आईकडं असतं, पण कुणाकडंही असलं तरी कोर्ट बघतं ते मुलाचं हित, आणि दुसऱ्याला भेटीचा हक्क असतोच, आठवड्याची सुट्टी, मे महिन्यातले काही दिवस, व्हिडिओ कॉल असं सगळं लिहून घेता येतं. घटस्फोट दोघांच्या संमतीनं घ्यायचा तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली अर्ज, मधे सहा महिने थांबायचं, ती मुदत योग्य केसमध्ये माफ करता येते असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये सांगितलंय. आणि ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरात आलंय, त्यामुळं फॅमिली कोर्टाच्या अपिलाला आता मुंबईला हेलपाटे नाहीत, लेकरू कडेवर घेऊन रात्रीची गाडी पकडणाऱ्या बायका बघितल्यात मी. भेट ठरलेल्या दिवशी पोराला अडवून धरणारे पण बघितलेत, दोन्हीकडचे. ते करू नका एवढं हात जोडून सांगते.

ए-२०३: मी ग्रुपवर लिहीत नाही कधी. माझा मुलगा दर दुसऱ्या रविवारी येतो माझ्याकडं. रंकाळ्यावर जातो, भेळ खातो, सगळं करतो. पण त्याला घरी येऊन माझ्या टेबलावर गृहपाठ करायला आवडतंय, पेन्सिलीला टोक मीच काढायचं, आणि त्याचा निळा ब्रश माझ्या बाथरूममध्ये आहे तो हलवायचा नाही असं बजावून जातो. वहिनी म्हणतात तसं, त्याच्या आईनं कधी अडवलं नाही. ह्या शनिवारी तो माझा दिवस नाही पण मी तिला विचारलंय, सिनेमाला पाठवते म्हणालीय. मिसेस डाउटफायर लावा.

ए-३०२ काका: माझं पण मत बदललं, डाउटफायर. आणि वहिनी, गणपतीत नको असं मनात आणू नका, ज्या शाहू महाराजांनी १९१७ ला विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, पुढं काडीमोडीचा, म्हणजे घटस्फोटाचा, पण केला, त्यांच्या गावात आपण ह्याच्यावर बोलायचं नाही तर कुठं.

बी-२०४ काकू: बरं. पण इंग्रजी आहे, बारक्यांना काय कळणार? आणि मोठ्यांचे जोक असतील तर आधी सांगा.

डी-१०३: दोन-तीन जागा आहेत, त्या माहीत आहेत मला, पुढं ढकलतो. खाली सबटायटलची पट्टी लावू आणि बारक्यांच्यात मी बसून मराठीत सांगतो.

बी-४०१ ताई: थँक यू सगळ्यांना. एकच विनंती, सिनेमा झाल्यावर लाडानं सुद्धा कुणी पोरांना म्हणू नका की तुझे पण येतील बघ परत. लेकीनं विचारलं तर माझ्याकडं पाठवा. आणि ए-२०३ दादा, तुमच्या मुलाला आमच्या शेजारी बसवा, लेकीच्याच वयाचा असेल.

ए-१०१ सेक्रेटरी: ठरलं मग, डाउटफायर, साडेसात, सव्वादोन तास धरा. चटई आपापली आणा. आरती सातला उरकू. काकू, चहाचं तुमच्याकडं लिहितो.

बी-२०४ काकू: लिहा. पोरांना दूध वेगळं करते.