निमगोरी म्हणजे नक्की काय? (बुकक्लबमधल्या गप्पा आणि आपले अनुभव)

जाईजुई
काल बुकक्लबहून आले ती डोक्यात एकच शब्द घेऊन. निमगोरी.

आम्ही नऊ जणी, महिन्यातून एकदा, न्यू जर्सीतल्या एडिसनच्या लायब्ररीत. या वेळी टोनी मॉरिसनची १९७०ची पहिली कादंबरी होती, 'द ब्लूएस्ट आय'. ओहायोतली एक काळी मुलगी रोज रात्री देवाकडे निळे डोळे मागते. मी शहाण्यासारखी मान डोलवत होते. आमच्यात एक सत्तरी ओलांडलेल्या कृष्णवर्णीय बाई आहेत, निवृत्त नर्स, मी त्यांना मनात मावशीच म्हणते. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुमच्याकडे असतं का असं काही? मी म्हटलं, छे हो, आम्ही सगळे ब्राउनच. वाक्य पुरं व्हायच्या आत मला माझा बायोडेटा आठवला.

१९९८, सांगली. बाबांनी वधूवर मंडळाचा फॉर्म आणलेला. वर्ण या रकान्यात चार पर्याय, गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. बाबांनी सावळावर खूण केली. आत्याने ती व्हाइटनरने पुसली, फुंकर मारून वाळवली आणि निमगोरावर केली. म्हणजे आधी मला पांढरं केलं, मग निमगोरं. फोटोवाला म्हणाला, वीस रुपये जादा द्या, चेहरा उजळून देतो. दिले! मग पाहुणे आले की एकदा फोटोकडे बघायचे, एकदा माझ्याकडे.

हे त्यांना सांगितलं. निमगोराचं इंग्रजी करताना घाम फुटला. मावशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, त्यांच्या आईच्या तरुणपणी काही क्लबांच्या दारात म्हणे तपकिरी कागदी पिशवी असायची. पिशवीपेक्षा काळी असलीस तर आत नाही. आणि क्लब कोणाचे, तर काळ्यांचेच.

तर बायांनो, लिहा. सोसलेलं लिहा, केलेलं पण लिहा.

घाईघाई
रुमाल टाकून ठेवते. कणीक मळून झालीये, पोळ्या झाल्या की येते.

मिरजमसाला
व्हाइटनर!! अगं मेले हसून. माझ्या वेळी 'सावळी पण तरतरीत' होतं. तो 'पण' अजून पाठ सोडत नाही, बावीस वर्षं झाली लग्नाला.

दुर्वा५८
आम्ही १९८६ला जर्सी सिटीत आलो. पुढच्याच वर्षी ते डॉटबस्टर्स, भारतीयांवर उठलेली टोळी. डॉट म्हणजे आपलं कुंकू. भारतीयांना शहरातून घालवणार असं पत्र त्यांनी तिथल्या पेपरला धाडलं आणि ते छापूनही आलं. त्याच वर्षी शेजारी होबोकेनमध्ये एका भारतीय तरुणाला इतकं मारलं की तो गेलाच.

मी बसला निघताना टिकली काढून पर्समधल्या आरशाला लावायची. मंगळसूत्र स्वेटरच्या आत. संध्याकाळी जिन्यात टिकली परत कपाळावर. दोनचार दिवसांनी गोंद संपला की ती आरशावरच राहायची. कपाळ माझं, सौभाग्य आरशाचं. ह्यांना काही बोलले नाही, उगाच काळजी.

बुकक्लब वगैरे कुठलं गं तेव्हा, आम्ही लाँड्रोमॅटमध्ये बोलायचो. तिथली एक काळी बाई मला खिडकीपाशी बसू द्यायची नाही. बाहेरून दिसतेस, इकडे माझ्या शेजारी बस म्हणायची. आणि मी घरी येऊन मुलांना सांगायचे, पलीकडच्या गल्लीत जाऊ नका, तिथे 'ते' लोक असतात. 'केलेलं पण' म्हणालीस म्हणून लिहिलं. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

मिरजमसाला
दुर्वाताई, दंडवत.

साधीसुधी
अवांतर, जाईजुई बुकक्लबला खायला काय नेतेस? पुढच्या महिन्यात माझा नंबर आहे, आमच्याकडे कोणाला तिखट चालत नाही.

जाईजुई
पातळ पोह्यांचा चिवडा, मिरची न घालता. मावशींनी उरलेला डब्यात भरून नेला.

कोथरूडकरीण
मोबाईलवरून लिहितेय, चुका माफ. आमच्या क्लबात मणिपूरची एक मुलगी येते. २०२०मध्ये भाजी घेताना तिला बघून कोणीतरी 'कोरोना' ओरडलं. ती सांगत होती आणि आम्ही सगळ्या बाई गं, बाई गं. पण आमच्याच सोसायटीच्या मीटिंगमध्ये आफ्रिकन विद्यार्थ्यांना फ्लॅट द्यायचा नाही असं ठरलं तेव्हा मी तिथेच बसले होते. कारण काय, तर स्वयंपाकाचा वास. आमच्या मजल्यावर दर रविवारी सुकट भाजतात! मी गप्प बसले. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या होत्या असं स्वतःला सांगितलं. बेल वाजली, येते.

संत्राबर्फी
मी मूळ नागपूरची, आता सिएटलजवळ. आमच्या मराठी बायकांच्या क्लबने इझाबेल विल्करसनचं 'कास्ट' घेतलं होतं, २०२०चं. अमेरिकेतल्या वर्णभेदाला ती सरळ जातव्यवस्था म्हणते. गोऱ्यांचं सगळं जोरात झालं, दोन बैठका. भारताचा विषय निघाला तेव्हा मात्र 'आता कुठे राहिलंय एवढं' आणि गाडी थेट मुलांच्या एसएटीवर, म्हणजे कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेवर.

मी नवीन होते तेव्हा पहिल्याच भेटीत तिघींनी विचारलं होतं, आडनाव काय म्हणालात? नागपूर म्हणजे नक्की कुठे? मग 'अच्छा, अच्छा'. तो अच्छा ज्याला कळतो त्यालाच कळतो.

त्या दिवशी मी इतकंच म्हटलं, जोतिबांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. १९४६मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, त्यांचं उत्तरही आलं. हे आपल्या माणसांनी कधीच जोडून ठेवलंय. एकीने लिहून घेतलं, बाकीच्या प्लेटा उचलायला लागल्या. २०२३च्या फेब्रुवारीत सिएटलने जातिभेदाविरुद्ध कायदा केला तेव्हा ग्रुपवर तीन दिवस नुसतं शुभ सकाळ.

सुज्ञ_वाचक
धागा वंशवादाचा आहे ना? जात कशाला मध्ये?

दुर्वा५८
सुज्ञबाई, वधूवरच्या फॉर्मवर वर्णाच्या वरचा रकाना कोणता असतो हो?

मिरजमसाला
दुर्वाताई, परत दंडवत.

सुज्ञ_वाचक
मी आपलं विचारलं फक्त.

जाईजुई
संत्राबर्फी, मी मावशींना रंगाचा रकाना सांगितला, वरचा नाही सांगितला. आत्ता लिहिणार होते की तेव्हा सुचलंच नाही. सुचलं होतं.

संत्राबर्फी
पुढच्या महिन्यात सांग. त्या काय म्हणाल्या ते इथे येऊन लिही.

घाईघाई
पोळ्या झाल्या, ओटा पुसून झाला, सगळं वाचलं. माझं आपलं छोटंसं. लेक सात वर्षांची, ठाण्यात. वर्गात सगळी पोरं 'स्किन कलर दे' म्हणून तो फिकट गुलाबी खडू मागतात. क्रेयोला या अमेरिकन खडूकंपनीने 'फ्लेश' (म्हणजे कातडीचा रंग) हे नाव बदलून 'पीच' केलं त्याला १९६२ साल उजाडलं, आपल्याकडे पोरांच्या तोंडी अजून तेच. तिने त्याच खडूने आजीचं चित्र काढलं. आजीने चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, ही कोण, वरच्या मजल्यावरच्या काकू का?

तेव्हापासून घरात येईल त्याचा हात धरून खडू जुळवणं चालू आहे. मला विटकरी मिळालाय. आजीला चॉकलेटी, वर थोडा काळा. बाबाचा रंग पाकिटात नाही म्हणते, तो उकडलेल्या बटाट्यासारखा आहे.

साधीसुधी
जाईजुई, चिवड्यात डाळं तळून घालतेस की नुसतंच?