'कधीच अँटिबायोटिक नाही' हे वचन मोडलं, ते बरंच झालं

खडीसाखर (धागाकर्ती)

चिक-फिल-ए या अमेरिकी फास्ट फूड साखळीने २०१४ मध्ये जाहीर केलं होतं की पाच वर्षांत आमच्याकडची सगळी कोंबडी अशी असेल, जिला जन्मात एकदाही अँटिबायोटिक दिलेलं नाही. २०१९ मध्ये ते करूनही दाखवलं. मग मार्च २०२४ मध्ये घूमजाव: यापुढे फक्त 'माणसांच्या उपचारात महत्त्वाची' अँटिबायोटिक टाळणार. टायसन या बड्या पुरवठादाराने २०२३ मध्येच हा रस्ता धरला होता. त्यावर सगळीकडे एकच सूर, "बघा, शेवटी पैसाच!"

मला वाटतं, पहिलं वचनच फसवं होतं. आयनोफोर नावाची औषधं घ्या. कोंबडीच्या आतड्यातल्या कॉक्सिडिया परजीवीवर ती खाद्यातून देतात. माणसांना ती देत नाहीत, विषारीच आहेत. पण अमेरिकेत त्यांची गणना अँटिबायोटिकमध्ये होते, युरोपात होत नाही. म्हणजे एकाच खाद्यावर वाढलेली कोंबडी एका खंडात 'मुक्त' आणि दुसऱ्या खंडात 'युक्त'! ती बंद केली की आतडं सोलवटतं, मागून क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूचा संसर्ग होतो आणि मग खरंखुरं अँटिबायोटिक द्यायची वेळ येते. पाटीवर 'कधीच नाही' लिहिलेलं असल्यामुळे तेही देता येत नाही. जाहिरातीसाठी पक्ष्याचे हाल, एवढंच त्यातून निघालं.

चष्मेबहाद्दर

आयनोफोरचा मुद्दा मान्य. पण 'कधीच नाही' ही रेघ कोणालाही कळते. 'महत्त्वाची नाहीत' म्हटलं की यादी आली, यादीतल्या पायऱ्या आल्या, अपवाद आले. आणि 'आजारी कोंबडीला औषध' हे चित्र फार गोंडस आहे हो. एका शेडमध्ये २०-२५ हजार पक्षी असतात. त्यातल्या एकीला कोणी चमच्याने औषध पाजत नाही. पाण्यातून अख्ख्या शेडला जातं, त्यात धडधाकटही आले. उपचार कुठे संपतो आणि सरसकट डोस कुठे सुरू होतो, हे कोण ठरवणार? औषध पुरवणारा की पक्षी विकणारा?

डॉ_गोठा

पशुवैद्य ठरवतो, आणि त्याच्यावर दबाव असतो हेही खरं. तरी 'कधीच नाही'चा आतला हिशेब सांगतो. शेडमध्ये मर वाढली की पाळणाऱ्यासमोर दोन रस्ते. औषध दिलं तर ती तुकडी 'मुक्त'च्या भावातून बाहेर पडून साध्या बाजारात जाते. नाही दिलं तर मर सोसायची. मग तो दोन दिवस 'बघू' म्हणून थांबतो. ब्रॉयलरचं आयुष्यच सहा-सात आठवड्यांचं, त्यात दोन दिवस म्हणजे किती, याचा विचार करा.

आणखी एक गल्लत इथे नेहमी होते. 'मुक्त' नसलेल्या मांसात औषध भरलेलं असतं असं नाही. शेवटच्या डोसनंतर ठरावीक दिवस थांबूनच पक्षी कापायचा नियम आहे. ताटातला अंश ही एक गोष्ट, औषधाला न जुमानणारे म्हणजे प्रतिरोधी जंतू ही वेगळीच. भांडण दुसरीवर हवं.

शंकासुर

पण पाटी तरी खरी असते का? ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने 'अँटिबायोटिकविना वाढवलेले' म्हणून विकल्या जाणाऱ्या गुरांचे नमुने तपासले, तर सुमारे २० टक्क्यांत औषधाचे अंश! सरकारी शिक्क्याची ही गत, तिथे साखळीच्या संकेतस्थळावरच्या परिच्छेदाला काय किंमत? आणि मांस शिजवलं की जंतू मरतातच. मग एवढा आटापिटा कशाला?

पेट्रीडिश

शंकासुर, शिजवल्याने तुमच्या ताटातले जंतू मरतील. कापणाऱ्याच्या हातावरचे, शेडमध्ये राबणाऱ्याच्या नाकातले, खत म्हणून शेतात पसरलेल्या विष्ठेतले कोण शिजवणार? शिवाय प्रतिरोधाची जनुकं एका जातीच्या जंतूतून दुसरीत उड्या मारतात. २०१५ मध्ये चीनमधून कोलिस्टिनला निष्प्रभ करणाऱ्या एमसीआर-१ जनुकाची बातमी आली ती अशीच. कोलिस्टिन हे माणसांसाठी राखून ठेवलेलं शेवटचं शस्त्र, आणि तेच डुकरांना वजनवाढीसाठी दिलं जात होतं.

आता कॅनडातल्या क्वेबेकचा किस्सा ऐका, कारण एवढा स्वच्छ दाखला क्वचित मिळतो. तिथल्या हॅचरीत, म्हणजे पिल्लं उबवण्याच्या केंद्रात, अंड्यातच सेफ्टिओफर हे अँटिबायोटिक टोचायची पद्धत होती. हे तिसऱ्या पिढीचं सेफॅलोस्पोरिन, म्हणजे माणसांच्या कामाच्या औषधांचं सख्खं भावंड. माणसांत आणि दुकानातल्या कोंबडीत प्रतिरोधी साल्मोनेला (जुलाब-तापाचा जंतू) वाढायला लागल्यावर २००५ मध्ये हॅचरीवाल्यांनी ते स्वतःहून थांबवलं. प्रतिरोध दोन्हीकडे खाली आला. २००७ मध्ये काही प्रमाणात पुन्हा सुरू केलं, तर आलेख पुन्हा वर! म्हणून मी खडीसाखर यांच्या बाजूने. नेमकी ती औषधं बंद करा, फरक पडतो. आयनोफोरवर दात ओठ खाऊन क्वेबेकमध्ये काहीच साधलं नसतं.

चष्मेबहाद्दर

पेट्रीडिश, किस्सा झकास, पण तो माझ्याच बाजूने बोलतो. स्वतःहून थांबवलं आणि स्वतःहूनच पुन्हा सुरू केलं. मर्जीवर चाललेलं असंच चालतं. युरोपीय संघाने वजनवाढीसाठीची अँटिबायोटिक १ जानेवारी २००६ पासून कायद्याने बंद केली, २८ जानेवारी २०२२ पासून नेहमीचा सरसकट वापरही. अमेरिकेत २०१७ मध्ये माणसांसाठी महत्त्वाच्या औषधांचा वजनवाढीसाठीचा वापर नियमाने थांबला, तर त्यांची जनावरांसाठीची विक्री त्या एका वर्षात ३३ टक्क्यांनी घसरली. साखळ्यांच्या वचनांनी हे केलं का?

डॉ_गोठा

थोडं केलं. मॅकडोनाल्ड्सने २०१६ मध्ये अमेरिकेतली कोंबडी महत्त्वाच्या अँटिबायोटिकपासून मोकळी केली, म्हणजे वजनवाढीपुरता असलेला तो नियमही लागू होण्याआधी. एवढं मोठं गिऱ्हाईक मागतंय म्हटल्यावर पुरवठादार हॅचरीपासून सगळं बदलतात. सगळ्या वापरावरच्या कायद्याची वाट पाहिली असती तर अजून पाहतच असतो.

खारा_वारा

सगळे कोंबडीभोवतीच फिरताय. कोंबडीत हे जमलं, कारण तिथे एकच कंपनी अंडं, खाद्य, पिल्लं आणि कत्तलखाना सांभाळते. वरून हुकूम निघाला की खालपर्यंत पोचतो. गुरं वासरापासून फीडलॉटपर्यंत (कत्तलीआधी चारून वजन वाढवायचा गोठा) हात बदलत जातात. मॅकडोनाल्ड्सनेच २०१८ च्या शेवटी म्हटलं होतं की बीफमधल्या वापराची उद्दिष्टं २०२० अखेर ठरवू. मुदत तशीच उलटून गेली.

आणि मासे-कोळंबी? नॉर्वेच्या सॅमन पैदाशीत १९८७ च्या तुलनेत अँटिबायोटिकचा वापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला, तोही उत्पादन कैक पटींनी वाढत असताना. किमया पाटीची नव्हे, लशीची. चिलीत मात्र ज्या जिवाणूने सॅमन मरतो त्याच्यावरची लस म्हणावी तशी चालत नाही, म्हणून २०२३ मध्येही तीनशे टनांवर औषध गेलं. कोळंबीचं तर विचारूच नका. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग विषाणूचा, तिथे अँटिबायोटिक म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, तरी घाबरलेला तळ्याचा मालक ओततो. पुढे माल इतक्या हातांतून जातो की कुठल्या तळ्याचा हे साखळीला सांगताच येत नाही. बंदरावर नायट्रोफुरान या बंदी असलेल्या औषधाचा अंश सापडला की कंटेनर परत, बस. बहुतेक साखळ्यांच्या धोरणात कोळंबीला एक ओळसुद्धा नसते.

खडीसाखर

खारा_वारा, हे मूळ लेखात यायला हवं होतं. कोंबडीवर लिहिणं सोपं म्हणून मीही तिथेच थांबले.

चष्मेबहाद्दर, कायद्याबद्दल तुमचं ऐकते, पण 'कधीच नाही'ची रेघ अजून पटत नाही. मला पाटी नको, आकडा द्या: वर्षाला एका किलो मांसामागे किती मिलिग्रॅम औषध, कुठल्या गटाचं, कशासाठी. यादीला पळवाटा असतात हे खरं, पण आकडा छापला तर त्या दिसतात तरी.

शंकासुर

छापणार कोण? आणि तपासणार कोण? वर २० टक्क्यांचं सांगितलंय मी.