निन्जा गायडेनचा शेवट: जाकिओ कसा मारायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. निन्टेन्डोच्या ८-बिट मशीनवरचा टेक्मो कंपनीचा निन्जा गायडेन (१९८८) हा गेम ज्यांनी शेवटपर्यंत खेळलाय, त्यांनी कृपया मार्गदर्शन करा.

सहाव्या अंकात शेवटच्या तीन लढायांपैकी पहिली जमली. समोरच्या मुखवटेवाल्याला कितीही वार करा, काही होत नाही. मागच्या मूर्तीवर तलवार चालवायची, हे कळल्यावर मार्ग सुटला. अडलंय ते जाकिओ या खलनायकापाशी. तो हवेत तरंगत इकडून तिकडे फिरतो आणि आगीचे गोळे नेमके आपल्या हिरोच्या, म्हणजे रियूच्या अंगावर सोडतो. गोळा चुकवायला उडी मारावी तर वाराची वेळ हुकते, आणि वार साधला तर पुढचा गोळा बसतोच.

त्यात हरलं की गेम थेट ६-१ ला, म्हणजे सहाव्या अंकाच्या पहिल्या टप्प्याला परत पाठवतो! मुखवटेवाला पुन्हा लढावा लागत नाही, तेवढाच दिलासा. पण ६-२ मधले ते पक्षी... धक्का लागला की रियू मागे उडून खड्ड्यात. जाकिओसमोर पोचेपर्यंत बोटं आखडतात.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जाकिओसाठी नेमकं उभं कुठे राहायचं, आणि उडी त्याने गोळा सोडायच्या आधी की नंतर? दुसरं, परत येताना उडी मारून फिरत्या तलवारीने वार करायची विद्या सोबत आणली तर ती त्याच्यापर्यंत टिकते का?

मधेच सेव्ह करायचा पर्याय नका सुचवू प्लीज, हा गेम मला मूळ नियमांनीच संपवायचाय. कुणाकडे आपल्या खेळाचा व्हिडिओ असेल तर तोही चालेल.